दोरी ओढणारे हात

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी घरी पाहुणे जमले होते आणि जेवणे उरकल्यावर सर्वांनी मिळून 'सिंगिंग इन द रेन' पाहायचे ठरले. हा चित्रपट मला फार प्रिय आहे आणि तो पहिल्यांदा पाहणाऱ्यांचे चेहरे न्याहाळणे मला त्याहून प्रिय आहे. शेवटच्या प्रसंगात मूकपटांतली प्रसिद्ध नटी लीना लॅमॉन्ट ध्वनिक्षेपकापुढे नुसतेच ओठ हलवत उभी असते, तिच्यामागच्या पडद्याआड तिला आवाज देणारी तरुणी कॅथी सेल्डन गात असते, आणि विंगेतले तीन पुरुष दोरी ओढून तो पडदा वर घेतात. प्रेक्षागृह हसू लागते. आमच्या दिवाणखान्यातही एकच हशा पिकला. माझी आत्या मात्र हसली नाही. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. हातातली शेंग तशीच धरून, रडत रडत मधल्या वाटेने पळत सुटलेल्या कॅथीकडे पाहत तिने विचारले, "त्या दोघींना कुणी आधी सांगितलंच नव्हतं का गं?" तोवर नायक झालेला जीन केली गाऊ लागला होता, त्यामुळे तिला उत्तर कोणी दिले नाही. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, कारण इतक्या वेळा हा चित्रपट पाहूनही तो मला कधी पडला नव्हता.

१९५२ साली हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने काढलेल्या या चित्रपटाची बहुतेक गाणी आधी तयार होती आणि कथा नंतर आली. निर्माता आर्थर फ्रीड हा मुळात गीतकार. नॅसिओ हर्ब ब्राउन या संगीतकाराबरोबर त्याने विसाच्या आणि तिसाच्या दशकांत रचलेली गाणी एकत्र ओवणारी गोष्ट लिहा, असे काम बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाला देण्यात आले. ही गाणी ज्या काळात जन्मली त्याच काळात ती शोभतील, हे त्या दोघांनी ओळखले. आणि तो काळ म्हणजे मूकपट संपून बोलपट सुरू होण्याचा, हॉलिवूडच्या सर्वांत मोठ्या घबराटीचा. एखाद्या धंद्याने स्वतःच्याच घरात बसून, स्वतःच्याच जुन्या पेटीतली गाणी काढून, स्वतःच्याच खोटेपणाची अशी मनसोक्त खिल्ली उडवावी, हे मला आजही विलक्षण वाटते. जीन केली आणि स्टॅन्ली डॉनन यांच्या दिग्दर्शनात त्या खिल्लीला कुठेही कडवटपणा चिकटत नाही. अंगात सणकून ताप असताना केलीने तो पावसातला नाच केला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण मला त्या नाचाइतकाच चित्रपटाचा पहिला प्रसंग आवडतो. एका भव्य प्रीमियरच्या दारात उभा राहून नायक डॉन लॉकवुड आपली जीवनकहाणी सांगतो. बालपणी उत्तम संस्कार झाले, मोठमोठ्या संस्थांतून कलेचे शिक्षण घेतले, आपले ब्रीद एकच, प्रतिष्ठा, असे तो गंभीरपणे सांगत राहतो, आणि त्याच वेळी आपल्याला दिसत राहतात ते गुत्त्यांतले नाच, हलक्या नाट्यगृहांतली हुर्यो आणि स्टंट करताना खाल्लेली आपटी. कान एक ऐकतात आणि डोळे दुसरेच पाहतात. पहिल्या काही मिनिटांतच चित्रपट आपल्याला शिकवून ठेवतो की या धंद्यात आवाज आणि चित्र यांची फारकत झालेली आहे, आणि पुढे जे काही घडते ते सारे या फारकतीतून घडते.

त्याच प्रसंगात डॉनच्या शेजारी लीना उभी आहे, आणि ती एक शब्दही बोलत नाही. ध्वनिक्षेपकाकडे ती वळली की डॉन पुढे सरकतो. रंगमंचावर ती आभार मानायला तोंड उघडते तोच तो तिला थोपवतो. ती किती शालीन आणि अबोल असेल, असे त्या गर्दीला वाटते आणि आपल्यालाही वाटते. विंगेत गेल्यावर तो चिरका, नाकातून येणारा, कानाला बोचणारा आवाज प्रथम आपल्या कानी पडतो आणि आपण दचकून हसतो. त्या हशात एक गोष्ट निसटून जाते. लीना त्या वेळी जे विचारते आहे ते अगदी रास्त आहे: मला दोन शब्द बोलू का देत नाही, माझ्या बोलण्यात असे काय वाईट आहे? तिला कोणी सरळ उत्तर देत नाही. डॉनशी आपले लग्न ठरले आहे, असे ती मानते, कारण सिनेमाच्या मासिकांनी तसे छापले आहे. आणि मासिकांनी तसे छापले, कारण स्टुडिओला जोडीची तिकिटे खपवायची होती. स्टुडिओने पसरवलेल्या थापांवर विश्वास ठेवणारी स्टुडिओतली ती एकमेव व्यक्ती आहे. मी तिची बाजू घेते आहे म्हणजे ती सज्जन आहे असे नव्हे. ती मत्सरी आहे, सूडबुद्धीची आहे. कॅथीला ती कामावरून काढायला लावते आणि पुढे तिचा आवाज कायमचा आपल्या मुठीत ठेवू पाहते. पण ज्या कारखान्यात ती घडली तो कारखाना तिच्या कैकपटीने अधिक निगरगट्ट आहे, आणि लीनाला घालवून देताना चित्रपट त्या कारखान्याच्या मालकाला हळूच सोडून देतो.

बोलपटाच्या चित्रीकरणाचा प्रसंग मात्र असा काही बांधला आहे की तिथे माझ्या सगळ्या तक्रारी थांबतात. ध्वनिक्षेपक झुडपात लपवला, तर लीनाने मान फिरवली की अर्धे वाक्य हवेत विरते. तो तिच्या छातीशी कपड्यात शिवला, तर संवादांऐवजी हृदयाची धडधड ऐकू येते. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा एका बंद खोक्यात कोंडलेला आहे आणि दिग्दर्शक त्या खोक्यातून घामाघूम होऊन ओरडतो आहे. यातले जवळजवळ काहीच कपोलकल्पित नाही. सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेरे खरोखरच ध्वनिरोधक खोल्यांत कोंडलेले असत आणि नट ध्वनिक्षेपक लपवलेल्या फुलदाणीच्या आसपास घोटाळत असत. वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नसे, तो वेगळ्या तबकडीवर असे. प्रोजेक्टर आणि तबकडी यांचा मेळ जरा चुकला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. चाचणी खेळात तेच होते: खलनायक मान हलवतो आणि त्याच्या तोंडून लीनाचा नकार उमटतो, लीना नकार देते आणि तिच्या तोंडून खलनायकाचा जाडाभरडा होकार येतो. ते पाहताना माझ्या डोळ्यांत दर वेळी हसून हसून पाणी येते. खेळ संपल्यावर प्रेक्षक टिंगल करत बाहेर पडतात आणि लीना एकटीच म्हणते की तिला तर चित्रपट आवडला. लीना झालेल्या जीन हेगनने ते वाक्य इतक्या निष्पाप समाधानाने म्हटले आहे की मला त्या क्षणी तिला जवळ घ्यावेसे वाटते.

खऱ्या इतिहासात या खेळाला बळी पडलेली माणसे होती.

मूकपटांतला लाडका प्रियकर जॉन गिल्बर्ट १९२९ साली बोलपटात प्रेमाचे संवाद बोलू लागला आणि लोक हसले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी 'ब्लॅकमेल' या हिचकॉकच्या चित्रपटात ॲनी ओंड्रा या नायिकेचे चेक वळणाचे इंग्रजी चालण्याजोगे नव्हते. ध्वनिमुद्रण तेव्हा चित्रीकरणाबरोबरच होत असल्याने नंतर आवाज बदलण्याची सोय नव्हती. म्हणून जोन बॅरी ही दुसरी नटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी राहून संवाद बोलत असे आणि ओंड्रा त्याबरहुकूम ओठ हलवत असे. या दोघी एकमेकींपासून काही फुटांवर उभ्या असणार, एकमेकींचा श्वास ऐकत असणार. त्यांच्यात वैर होते की एका अवघड कामातून येणारी जवळीक होती, याचा मी अनेकदा विचार करते. 'सिंगिंग इन द रेन'मध्ये मात्र लीना आणि कॅथी यांना असा एकत्र काम करण्याचा क्षण मिळत नाही. कॅथी आपला आवाज देते आहे हे लीनापासून लपवले जाते आणि ते तिला कळते तेव्हा आकांत होतो. ही गुप्तता राखणारे तिघे म्हणजे नायक डॉन, त्याचा मित्र कॉस्मो आणि स्टुडिओचा प्रमुख आर. एफ. सिम्प्सन.

दोरी ओढणारेही हेच तिघे.

आत्याच्या प्रश्नानंतर मी तो शेवट पुन्हा एकटीने, थांबवत थांबवत पाहिला. प्रीमियरला लोक गाण्याचा आग्रह धरतात तेव्हा पडद्याआड उभे राहून गाण्याचा हुकूम कॅथीला दिला जातो. तिच्याजवळ स्टुडिओचा करार आहे, तिला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याच्यावर तिचे प्रेम आहे तो डॉनही हुकूम देणाऱ्यांत सामील झालेला पाहून ती म्हणते की मी हे करीन, पण यापुढे तुझे तोंड पाहणार नाही. ती खरेच अपमानित होऊन गाते. पडदा वर जातो तेव्हा तिला जाण येते ती स्वतःच्या विजयाची नव्हे. आपण उघड्यावर आलो एवढेच तिला कळते आणि म्हणून ती पळते. लीनाला तर काही क्षण हशाचे कारणसुद्धा समजत नाही. तेवढ्यात कॉस्मो कॅथीची जागा घेऊन गाऊ लागतो आणि लीनाच्या हलत्या ओठांतून पुरुषाचा आवाज येतो. मग डॉन पुढे येऊन सांगतो की तुम्हाला भावलेला आवाज या पळणाऱ्या मुलीचा आहे. अश्रू, आलिंगन, आणि शेवटी दोघांचे चेहरे असलेला मोठा फलक. न्याय झाला, हे मला मान्य आहे. पण ज्या सिम्प्सनने आवाजाची चोरी चालवून घेतली, लीनाच्या वकिली धमकीपुढे नमून ती पुढे चालू ठेवायला होकार दिला, तोच दोरीला हात लावतो आणि हसत हसत निर्दोष सुटतो. दोघींपैकी एकीलाही हातात दोरी मिळत नाही. हा चित्रपट इतका आनंदी आहे आणि त्याची लय इतकी अचूक आहे की हे दिसायला शेंगा मोडणारी एक म्हातारी बाई लागली, याचे मला आश्चर्य वाटत नाही. आत्या गाण्यांकडे पाहतच नव्हती, ती माणसांकडे पाहत होती.

यापुढची गोष्ट चित्रपटाच्या आत नाही, त्याच्या ध्वनिपट्टीवर आहे. लीनासाठी कॅथी 'वुड यू' हे गाणे गाते असे आपण पाहतो, परंतु तिथे कॅथीची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सचा आवाज नाही. ती गाते आहे बेटी नॉइज नावाची गायिका, जिने १९४१ च्या 'डम्बो'मधली हत्तिणीची अंगाईही गायली होती आणि जिचे नाव त्या चित्रपटात नव्हते, याही चित्रपटात नाही. दुसऱ्याच्या आवाजावर नाव कमावणे हा गुन्हा आहे, असे सांगणाऱ्या चित्रपटाने स्वतः एका गायिकेचा आवाज घेतला आणि तिचे नाव गाळले. संवादांची कथा तर याहून अद्भुत आहे. लीनाचे संवाद कॅथी आपल्या सुसंस्कृत आवाजात बोलते असा प्रसंग आहे. एकोणीस वर्षांच्या रेनॉल्ड्सच्या बोलण्याला ती खानदानी घडण नव्हती, म्हणून त्या जागी ऐकू येतो तो खुद्द जीन हेगनचा स्वाभाविक आवाज. म्हणजे लीनाच्या ओठांवर कॅथीचा म्हणून जो भरदार, मृदू स्वर उमटतो, तो लीनाची भूमिका करणारीचाच आहे. हे प्रथम वाचले तेव्हा मी तो भाग डोळे मिटून ऐकला. ज्या बाईला चित्रपटभर तिच्या आवाजासाठी हसले जाते तिच्याजवळ त्या संचातला सर्वांत सुरेख बोलण्याचा आवाज होता, आणि तो तिने दुसरीचा म्हणून देऊन टाकला होता. हेगनला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार ग्लोरिया ग्रॅहमला मिळाला. हॉलिवूडने हा पायंडा पुढेही सोडला नाही: 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडसाठी आणि 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नसाठी गाणाऱ्या मार्नी निक्सनचे नावही श्रेयनामावलीत आले नाही.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला लीनाचा 'गुन्हा' मुळात चटकन समजत नाही. पडद्यावर एक बाई आणि गळा दुसरीचा, ही व्यवस्था आपण रेडिओबरोबरच स्वीकारलेली आहे. मधुबालाचे ओठ हलतात आणि लताबाई गातात यात कोणाला फसवल्यासारखे वाटत नाही. पण आपल्याकडेही ते असे सहज घडलेले नव्हते. १९४९ च्या 'महल'मधले 'आएगा आनेवाला' तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून नाव छापले होते कामिनी, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. त्या गाण्यात आवाज दुरून येतो आहे असा भास व्हावा म्हणून लताबाई ध्वनिक्षेपकापासून लांब उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात हळूहळू जवळ येत गेल्या. श्रोत्यांनी हा आवाज कोणाचा असे विचारायला सुरुवात केली, आणि त्या विचारण्यातून ते नाव लोकांपर्यंत पोचले. पुढे 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात 'रसिक बलमा' गाण्याची विनंती त्यांना झाली. पार्श्वगायनाला पुरस्कारच नसताना मी का गावे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. १९५९ साली तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच, 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'साठी मिळाला. हे वाचताना मला नेहमी कॅथी आठवते. इथेही पडदा वर गेला, पण तो श्रोत्यांच्या चौकशीने आणि गाणारीच्या स्वतःच्या नकाराने वर गेला. विंगेतून कोणा तिघांनी ठरवून नाही.

आत्याला मी हे सारे नंतर फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. सांगलीत तरुणपणी गणेशोत्सवातल्या हौशी नाटकांत ती विंगेत पेटीवाल्याशेजारी उभी राहून नायिकेसाठी गात असे. नायिका दिसायला सुरेख होती आणि सुरात मात्र कच्ची होती. विंगेतला रॉकेलच्या बत्तीचा आणि स्पिरिट गमचा वास, नायिकेच्या पाठीवरून तिच्या श्वासाचा घेतलेला अंदाज, तिने खांदे उचलले की आपण स्वर लावायचा ही खूण, हे तिला अजून लख्ख आठवते. "मला तिथंच बरं वाटायचं," ती म्हणाली, "आणि आमचं दोघींचं ठरलेलं असायचं." पडद्याआड राहणारीला नेहमी उजेडात यायचेच असते, असे मी धरून चालले होते, आत्याचे तसे नव्हते. तिच्या लेखी महत्त्व होते ते ठरलेले असण्याला.

लीनाचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. आपण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्यापेक्षा जास्त कमावतो, असे बढाईने म्हणणारी ती बाई मंचावरून पळते आणि संपते. आपल्या मुंबईत जवळजवळ तशीच बढाई एका खऱ्या नटीबद्दल लोक मारत असत: मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा तिचा पगार मोठा आहे म्हणून. ही सुलोचना, म्हणजे आपल्या सुलोचनादीदी नव्हेत. ही पुण्यात जन्मलेली रुबी मायर्स, पूर्वी टेलिफोन ऑपरेटर असलेली आणि मूकपटांची सम्राज्ञी झालेली. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा 'आलमआरा' हा आपला पहिला बोलपट लागला आणि ज्यांची भाषा पक्की नव्हती त्यांची झोप उडाली. त्याच 'आलमआरा'चे नायक मास्टर विठ्ठल हे तलवारबाजीचे लाडके मराठी वीर. त्यांचे हिंदी-उर्दू कच्चे, म्हणून त्यांचे पात्र बराच वेळ तंद्रीत किंवा गुंगीत ठेवावे लागले, असे सांगतात. सुलोचनेचीही हिंदी अडखळणारी होती. तिने काम थांबवले, साधारण वर्षभर भाषेवर मेहनत घेतली आणि आपलेच मूकपट पुन्हा, आता बोलत, घेऊन ती परत आली. मूक 'इंदिरा बी. ए.'ची १९३४ साली 'इंदिरा एम. ए.' झाली, 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', ज्यात तिने आठ भूमिका केल्या होत्या, तिची १९३६ साली 'बंबई की बिल्ली' झाली.

लीनालाही उच्चार शिकवणारी एक बाई मिळाली होती. पण स्टुडिओला चित्रपट चटकन बाहेर काढायचा होता, आणि तिचा धडा दोन मिनिटांच्या विनोदात आटोपला. एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा तस्सेच चुकीचे म्हणते आणि आपण हसतो. सुलोचनेला तो वेळ मिळाला, किंवा तिने तो स्वतःच घेतला. १९२८ साली तिने मूकपटात अनारकली केली, १९३५ साली बोलपटात तीच अनारकली स्वतःच्या आवाजात केली, आणि १९५३ साली बीना रायच्या 'अनारकली'त सलीमच्या आईची भूमिका केली, ज्यात लताबाईंची गाणी होती. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. तिची ती बोलती 'अनारकली' पाहायला मिळावी आणि वर्षभराच्या मेहनतीनंतर तिने उच्चारलेले पहिले वाक्य कसे लागले असेल ते ऐकावे, अशी मला फार इच्छा आहे.